अंतरपाट आधी, सावधान मागून

साहेब, तुम्ही खोटं बोललात! कॅमेरे बनवणाऱ्या तुमच्या त्या मोठ्या कंपनीत, गार खोलीत बसून ज्यानं कुणी ‘व्हिडिओ रेकॉर्डिंगमध्ये सुधारणा, आवाज आणि चित्राचा मेळ आणखी पक्का’ असं लिहिलं, तो माणूस खोटारडा आहे. त्यानं आयुष्यात एकही लग्न शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर त्याला ठाऊक असतं, की आमच्याकडं मेळ नुसता ओठांचा आणि आवाजाचा घालून भागत नाही. पंचांगाचा, अंतरपाटाचा आणि व्याह्याच्या तोंडाचाही घालावा लागतो. तुमच्या त्या एका ओळीपायी सोलापूरची एक पोर लग्नानंतर चार महिन्यांत बॅग घेऊन आईकडं आली. आणि सासरचं म्हणणं काय? म्हणे, ती माहेरी गेलीच नाही! लग्नच झालेलं नाही, मग माहेर कुठलं? ती होती तिथंच आहे!

सयाजीचा सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ फोटो स्टुडिओ. गडी मूळचा मंद्रूपचा. बाप शेतात राबला, हा लग्नामांडवांत राबतो. त्याच्याकडं फोटो आणि व्हिडिओ दोन्ही काढणारा एकच कॅमेरा, आणि तो त्याला असा जपायचा की बायको म्हणायची, मला कधी एवढ्या मऊ फडक्यानं पुसलं नाही. कॅमेरा गुणाचा, पण एक खोड होती. अर्धा तास झाला की आपोआप थांबायचा. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा चालायचा. लग्नात सयाजी घड्याळावर डोळा ठेवून बटण दाबत राहायचा. कधी कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते सख्ख्या भाचीच्या लग्नात. अपेक्षा म्हणजे बहीण प्रभाची एकुलती एक. आता मामा म्हटल्यावर मंगलाष्टका संपेपर्यंत त्यानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं. तिथून हलला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. मग बटण कोण दाबणार?

“दुसरा फोटोवाला सांग की,” प्रभा म्हणाली.

“माज्या भाचीचं लग्न दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात? मंग ह्या मिशा काय झाडून काढायला ठेवल्यात व्हय? मामा मागं उभा ऱ्हाईल आणि कॅमेरा बी चालू ऱ्हाईल. तू नुसती बघ!”

आणि नेमका तेव्हाच तुमचा निरोप आला, साहेब. नवीन अपडेट! न थांबता सलग रेकॉर्डिंग! आवाजाचा पक्का मेळ! सयाजीला वाटलं, देवानंच पाठवलं. त्यानं बॅटरी पूर्ण भरली, उदबत्ती लावली, आणि पडद्यावरची पट्टी पुढं सरकत असताना बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसा श्वास रोखून बसला. अपडेट झालं. त्यानं लगेच पाच मिनिटं स्वतःचंच भाषण रेकॉर्ड करून पाहिलं. ओठ आणि आवाज कसे, नव्या जोडप्यासारखे, हातात हात घालून!

लग्न विजापूर रोडवरच्या कार्यालयात झालं. नवरा मुलगा मंगळवेढ्याचा आशिष, पतसंस्थेत नोकरीला. पोरगा सरळ, पण बोलायच्या बाबतीत अगदी हात राखून. त्याचे वडील महिपती तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी आधीच बजावलं होतं, “सयाजीराव, व्हिडिओ अजिबात कापायचा न्हाय. मागच्या लग्नात आमची अख्खी भावकी कापली गेली. जे झालं ते जसंच्या तसं रेकॉर्डवर पायजे.”

सयाजीला तेच हवं होतं. त्यानं कॅमेरा मांडवाच्या टोकाला, खांबाशी उंचावर बसवला. सगळ्या विधींच्या आधीच बटण दाबलं आणि भाचीमागं जाऊन उभा राहिला. मग काय सांगावं! माइक मिळाल्यावर प्रत्येक मावशीला मंगलाष्टका म्हणायला गळा फुटला. एकीचं संपलं की दुसरी. एकनाथ गुरुजी घड्याळाकडं बघत एकेकीला थांबवत होते. अखेर बरोबर मुहूर्तावर त्यांनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, हार पडले, ताशा वाजला. कॅमेरा एकदाही थांबला नाही. सयाजीनं मिशांवरून हात फिरवला. फाईल पेनड्राइव्हमध्ये घातली, सुरुवातीची पाच मिनिटं पाहिली, झकास म्हणाला आणि जशीच्या तशी मंगळवेढ्याला पाठवून दिली.

चार महिने तो पेनड्राइव्ह टीव्हीखाली पडून होता. नवा मोठा टीव्ही आला तेव्हा घरच्यांनी तो लावला. समोर आशिषची आजी, गोजरबाई, पाय पसरून बसलेली. मांडव दिसला, माणसं दिसली, गुरुजींची पाठ दिसली. शेवटाला अंतरपाट निघाला. अपेक्षानं हार घातला. आशिषनं हार घातला. आणि हे सगळं होऊन गेल्यावर, निवांत, टीव्हीतून गुरुजींचा आवाज आला, “शुभमंगल सावधान!”

“थांबीव!” गोजरबाई ओरडली. “मागं घे!”

मागं घेतलं. पुन्हा तेच. अंतरपाट आधी, सावधान मागून.

“अगं बाई! मुहूर्ताच्या आदीच पोरानं पोरीचं तोंड बघितलं की! अष्टका संपायच्या आदी हार घातलं!”

“आजी, तुमी तितंच होता की,” अपेक्षा म्हणाली. “तुमी सोता अक्षता टाकल्या.”

“मला मागच्या खुर्चीत बसवलेलं. मला काय दिसतंय? टीव्हीला काय गरज खोटं बोलायची?”

“पण सगळ्या मांडवानंच अक्षता बरोबर टाकल्या ना?”

“त्यास्नी जेवायची घाई!”

महिपतींनी चष्मा लावून तीनदा पाहिलं आणि कचेरीतल्या आवाजात निकाल दिला, “रेकॉर्डवर हाय ते हाय. विधी अपुरा हाय.” मग घरात जे जे बिघडलं होतं ते एकेक करून बाहेर आलं. बोअरचं पाणी खाली गेलं ते ह्यानंच. आशिषची बढती अडली ती ह्यानंच. मिक्सर जळला तोसुद्धा ह्यानंच! आणि लग्न अपुरं असेल तर परक्याची पोर घरात ठेवायची कशी? लोक काय म्हणतील? पुन्हा मुहूर्त काढेपर्यंत पोरीनं आईकडं राहावं, हेच रीतीला धरून. आशिष दारात उभा होता. अपेक्षानं बॅग उचलली तेव्हा त्यानं मान खाली घातली. बस.

सोलापुरात प्रभानं डोक्याला हात लावला. गल्लीतल्या बाया पीठ मागायच्या निमित्तानं डोकावून जायला लागल्या. महिपतींनी तोवर एकनाथ गुरुजींना फोनवर झाडलं. गुरुजी संतापून स्टुडिओत आले.

“सयाजी, माझं सावधान आजवर पळभर इकडचं तिकडं झालेलं नाही! दाखव बघू तो व्हिडिओ.”

त्यांनी पाहिला. पुन्हा पाहिला. मग हळूच खुर्चीत बसले. “अरे... मी खरंच उशीर केला का रे?”

“गुरुजी, मी तितंच होतो! तुमी बरोबर म्हणला!”

“तू होतास रे. पण हे बघ ना, दिसतंयच की.” त्या दिवसापासून गुरुजी प्रत्येक लग्नात सावधान म्हणायच्या आधी अंतरपाट धरणाऱ्यांना दटावायला लागले, “मी म्हटल्यावर! मी म्हटल्यावर!” मांडवात हे मंगलाष्टकातच आहे असं समजून लोक त्याच्यावरही अक्षता टाकू लागले.

सयाजीला मात्र कळलं होतं. बिघाड गुरुजींत नाही, कॅमेऱ्यात आहे. त्यानं तुमच्या मदत केंद्राला फोन लावला, साहेब. तिथल्या तुमच्या फोनवालीचा आवाज गुळासारखा गोड!

“सर, आपण कॅमेरा एकदा बंद करून चालू केलात का?”

“बाई, कॅमेरा चालूच हाय. माज्या भाचीचा संसार बंद पडलाय!”

“समजलं सर. नव्या अपडेटमध्ये आवाजाचा मेळ सुधारलेला आहे.”

“सुधारलाय म्हणूनच बिघडलाय!”

“आपला अभिप्राय नोंदवला आहे सर. आपल्या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल?”

सयाजीनं जे गुण दिले ते इथं लिहिता येत नाहीत.

शेवटी त्यानं गाडी काढली. गुरुजींना घेतलं, अपेक्षाला घेतलं, कॅमेरा मांडीवर घेतला आणि मंगळवेढा गाठलं. महिपतींच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत, तो म्हणाला, “पाव्हणं, आता बघा. मी टाळी वाजवतो. कॅमेरा कसा खोटा बोलतो ते दाखवतो.”

त्यानं बटण दाबलं, टाळी वाजवली, लगेच टीव्हीला लावलं. हात जुळले आणि त्याच क्षणी आवाज आला, फट्! इतकी जुळलेली टाळी उभ्या तालुक्यात कुणी वाजवली नसेल.

“कॅमेरा तर बरोबर हाय,” महिपती म्हणाले. “म्हंजे गुरुजीच चुकले.”

गुरुजींनी उपरण्यानं घाम पुसला. सयाजीच्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. कॅमेरा सुरुवातीला शहाणाच असतो! न थांबता जितका लांब चालेल तितका आवाज मागं मागं पडत जातो. पूर्वी अर्ध्या तासानं थांबायचा, म्हणून पाप झाकलेलं होतं.

“पाव्हणं, हा लांब पल्ल्याला दमतो! दोन तास चालवावा लागंल.”

“चालवा की. आमाला कुटं जायचंय?”

आणि साहेब, दोन तास माणसं कॅमेऱ्यासमोर बसली! फोटोत बसतात तशी, ताठ. चहा आला तोही कॅमेऱ्याकडं बघत प्यायला. गोजरबाई मध्येच घोरायला लागली. दोन तासांनी सयाजीनं उभं राहून टाळी वाजवली आणि टीव्ही लावला. पडद्यावर हात जुळले. सुटले. पडद्यातला सयाजी खाली बसला, त्यानं मिशा पुसल्या. मग आवाज आला, फट्!

“बघितलं?” सयाजी ओरडला. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोजरबाई जागी होऊन म्हणाली, “व्हय की. पेंगला बिचारा. माजा बी डोळा लागलेला.”

झालं, मिटलं, असं वाटलं. पण महिपतींनी उभी हयात कागदांत घातलेली. त्यांनी बोट वर केलं. “एक शंका हाय. आवाज मागं पडला, का चित्र फुडं गेलं?”

“आँ?”

“आवाज मागं पडला असंल तर अंतरपाट येळेवर निघाला. पण चित्र फुडं पळालं असंल, तर? दोन्हीपैकी मुहूर्त कशाला धरायचा? रेकॉर्डवर तर काय बी न्हाय. म्हंजे प्रकरण परलंबित ऱ्हाणार.”

सयाजीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढून पानं उलटायला घेतली.

तेव्हा इतका वेळ दाराशी उभी असलेली अपेक्षा आत आली. “मामा, गप बसा.” मग सासऱ्यांकडं वळून म्हणाली, “दादा, तुमी बी.” ती थेट आशिषसमोर जाऊन उभी राहिली.

“अहो, रेकॉर्ड काय म्हणतंय ते दादा बघतील. मुहूर्त आजी बघतील. अंतरपाट निघाला तवा तुमी हळूच म्हणाला, ‘उभं ऱ्हाऊन पाय लई दुखत असतील न्हाय?’ ते कुटल्या कॅमेऱ्यात आलं न्हाय. मी ऐकलं. तेवढ्यावर मी ह्या घरात आले. आणि मी बॅग उचलली तवा तुमी चपलांकडं बघत उभं होता. आता मला सांगा. आपलं लग्न झालंय का न्हाय?”

आशिषनं आजीकडं पाहिलं. वडिलांकडं पाहिलं. मग त्याचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

आणि सगळी बैठक थांबून राहिली! सवयच लागली होती ना. ओठ आधी, आवाज मागून, येईल आता. गुरुजींनी कान पुढं केला. आवाज किती मागं पडला असेल, याचा सयाजी मनातल्या मनात अंदाज बांधायला लागला. गोजरबाईनं तर रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला!

आवाज आला नाही.

“अहो, तुमच्यात कुणी अपडेट घातलेलं न्हाय,” अपेक्षा म्हणाली. तिची नजर हलली नाही. “इकडं बघा माज्याकडं. बोला! झालंय का न्हाय?”