दलदलीतली बडबड

हेडक्लार्कसाहेबांनी दुर्बीण विकत घेतली, तिथेच सगळं बिनसलं. खरं तर कावळा आणि कबुतर सोडून तिसरा पक्षी त्यांना ओळखता येत नव्हता. (कबुतराचीही खात्री नव्हती.) पण लेक लग्न होऊन गेली आणि बायकोनं बोलणंच टाकलं. जेवायला वाढताना 'हं', दिवा मालवताना 'हं'. साहेब ऑफिसातल्या फायलींपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून पाहायचे, उत्तर तेच. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना रडू यायचं. लेकीच्या आठवणीनं बिचारी खचली, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिला माणसात आणायला म्हणून रविवारी ते तिला खाडीकाठच्या पक्षी अभयारण्यात घेऊन गेले.

आभाळ भरून आलेलं, ओहोटी लागलेली, जिकडेतिकडे काळा चिखल. कडेला एक लाकडी खोपी, भिंतीला डोळे लावायला फटी. आत पाचसहा मंडळी मातकट जाकिटं घालून मयताला आल्यासारखी बसलेली. दारावर पाटी : 'बोलू नये.' अबोल बायकोला बोलतं करायला साहेबांनी जगातली नेमकी हीच जागा शोधली होती!

"अगं, थर्मासमधला चहा..."

"श्शऽऽ!" अख्खी खोपी.

साहेबांनी बराच वेळ कळ काढली. (लग्नानंतरचा हा विक्रमच.) तेवढ्यात चिखलात थवा उतरला. काळे पंख, काडीसारखे लांबलचक लाल पाय. बायको पुढे झुकली आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू फुटलं. साहेबांना राहवेना.

"अगं, हसलीस! हसलीस की गं तू!"

थवा उडाला. चिखल तेवढा उरला. रखवालदार धावत आला.

"कोणाबरोबर आलेत हे?"

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांना लावलेली दुर्बीण हलवली नाही.

"मी नाही ओळखत यांना."

अख्खं वाक्य! साहेब इतके हरखले, की रखवालदारानं दंडाला धरून बाहेर काढलं तेही त्यांना कळलं नाही. कळलं ते बाहेरच्या बाकड्यावर, पाऊस सुरू झाल्यावर. छत्री आत होती. समोर एक कावळा येऊन बसला. साहेबांनी त्याला आपलं दुःख सांगायला घेतलं, तोही उडाला. मग मात्र त्यांना फार एकटं वाटलं.

संध्याकाळी बायको बाहेर आली. चेहरा टवटवीत.

"लेकीची फार आठवण येते ना गं?" साहेबांनी कातर आवाजात विचारलं.

"येते तर! ती होती तेव्हा तुमचं बोलणं आम्ही दोघी वाटून घ्यायचो. आता सगळं माझ्या एकटीच्या कानांवर. इथं किती बरं वाटलं! वर्षाचा पासच काढला मी."

साहेब घाईनं पुढे सरकले. "आणि माझा?"

तिनं रुमाल काढून त्यांचं ओलं डोकं मायेनं पुसलं.

"या की दर रविवारी बरोबर. बाहेरच्या बाकड्याला पास लागत नाही."