अप्पांची हायडी

गेल्या जानेवारीत आमच्या फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी कायम जास्वंदीची एखादी फांदी असे. ती शेजारच्या अप्पांची. शाळेतून दमून यावं, बांगडे काढायला हात घालावा, तर हाताला फांदी लागायची.

"बाई, काढू नका हां! तिला अजून चार तास थंडी भरायची आहे," अप्पा गडग्यापलीकडून ओरडत.

अप्पांची सगळी नोकरी भाट्याच्या रोपवाटिकेत नारळाची रोपं वाढवण्यात गेली. बर्फ त्यांनी पाहिला तो मासळीबाजारात. पण त्यांची लेक नीलू स्कॉटलंडला असते, आणि तिच्या अंगणातलं हायड्रेंजियाचं झुडूप दंव गोठून काळं पडलं. ते नाव जिभेवर बसेना, म्हणून अप्पांनी त्याची हायडी केली. "हायडीची बोटं काळी पडली हो," हे ऐकून माझ्या नणंदेनं हळूच विचारलं, "नात का त्यांची?"

थंडी कुठवर भिनते ते कळावं म्हणून गोठलेली फांदी पडवीत ठेवून अप्पा नखानं तिची साल खरवडत, निरखत. मग संध्याकाळी साडेसहाला नीलूला व्हिडिओ कॉल. फोन धरायला मी, कारण अप्पांनी धरला की नुसतं छप्पर दिसे.

"अप्पा, मेलंय ते. दुकानात नवीन मिळतं. कापून टाकते."

"कापू नको गो! वरच्या सुक्या काड्या खालच्या डोळ्यांना थंडीपासून जपतात. नखानं साल खरवडून बघ, आत हिरवं असलं तर जिवंत आहे."

"आत्ता? बाहेर?"

"कानटोपी घाल नि जा."

नीलू कंटाळून गेली. "तपकिरी आहे."

"अजून खाली."

ती वाकून खाली खरवडत राहिली, फोनमध्ये नुसता वारा. मग ती म्हणाली, "थोडं हिरवट आहे, अप्पा."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पास झाले होते.

मग रोजचंच झालं. खत घालू नको. रात्री जुनी चादर टाक, सकाळी काढ. नीलू दमलेली, मी दमलेली, अप्पा ताजेतवाने. एप्रिलमध्ये बुंध्याशी कोंब फुटले, तेव्हा कुठे सुक्या काड्या कापायची परवानगी मिळाली. जूनपर्यंत झुडूप कमरेला लागलं. तरी अप्पांचं चालूच, "धोका टळलेला नाही. रोज दाखवत जा."

शेवटी मी वैतागले. "अप्पा, आता कसला धोका?"

ते खांद्यावरचा पंचा उगाच नीट करत राहिले. "पूर्वी रविवारी फोन यायचा. जेवलात का, जेवलो. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचायचं नाही." मग म्हणाले, "तिला सांगू नका हां."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं फोन धरला. अप्पा काही विचारायच्या आधीच नीलू म्हणाली, "अप्पा, हे एक पान जरा पिवळं वाटतंय का हो?"

मी पाहिलं. पान हिरवंगार होतं.

"जवळ ने," अप्पा चष्मा पुसत म्हणाले. "नीट बघू दे."