नकाशात नसलेली खोली

अहिरे सर इमारतींशी भांडतात. माणसांशीही भांडतात, पण ते नंतर. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लॉबीत उभं राहून पाटी वाचतात आणि मोठ्याने म्हणतात, "खोटारडी!"

एकदा ते कांदिवलीला आमच्या घरी आले होते. आमच्या सोसायटीत बी विंग ए विंगच्या आधी लागते, एवढंच तिचं पाप. पण वर चहा निवला तरी यांचं खाली वॉचमनशी चाललेलंच. "अरे, एबीसीडी नाही शिकवली का बिल्डरला?"

आमची अंधेरीतली छोटीशी कंपनी इमारतींच्या आतले नकाशे बनवते. छपराखाली जीपीएसला दिसत नाही. म्हणून आम्ही भिंतींवर काडेपेटीएवढ्या डब्या चिकटवतो, त्यांना बीकन म्हणतात. प्रत्येक डबी सारखी रेडिओवरून हाक मारत असते, 'मी इथे आहे.' तुमचा मोबाइल आसपासच्या डब्या ऐकतो, कुठली जवळ, कुठली लांब ते ताडतो आणि नकाशावर निळा ठिपका उमटवतो. तुम्ही इथे उभे आहात. डब्या आणि ॲप मी बघते, नकाशा अहिरे सरांचा. पंचावन्नच्या पुढचा, पूर्वी आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन असलेला हा माणूस आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर मात्र काडीचा विश्वास ठेवत नाही. सगळी इमारत स्वतः चालून मोजतो. "कागदाला काय विचारतेस? पायांना विचार!"

गेल्या वर्षी मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलचं काम मिळालं. माझ्या जबाबदारीवरचं ते पहिलंच काम. पहिल्याच दिवशी लॉबीत उभ्या माणसाचा ठिपका रस्त्यापलीकडे जायला लागला. कारण होती लॉबीतली माशांची भलीमोठी टाकी. पाणी डब्यांची हाक गिळून टाकतं. सर कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभे. "इथे आजारी माणसं वाट चुकतायत आणि तू पोहतोयस? लाज नाही वाटत?" मासा काही बोलला नाही. मी छताला दोन जादा डब्या लावून प्रश्न मिटवला. तरी जाता-येता सर त्या माशाकडे खाऊ का गिळू असं बघायचे.

नकाशा पूर्ण झाला. मंजुरीसाठी आम्ही हॉस्पिटलच्या प्रशासक मॅडमसमोर बसलो. मॅडमनी तळघरातल्या एका खोलीवर बोट ठेवलं. "ही काढून टाका."

ती खोली म्हणजे शवागार.

"का?" सरांनी विचारलं.

"बरं नाही ना दिसत. पेशंट बघतात, घाबरतात."

"कॅफे दाखवलाय. फुगे मिळतात ते दुकान दाखवलंय. एटीएम तर दोन-दोन! आणि जिथे माणसाला जावंच लागतं, ती जागा तुमच्या इमारतीत नाहीच?"

"ते लोक विचारतात हो कुणाला तरी."

"कुणाला?" सर एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची रिसेप्शनिस्ट आत डोकावली. "कुणाला विचारतात? सांगा ना!"

सरांनी नकाशा गुंडाळला. "खोली काढलीत तर माझी सही मिळणार नाही," म्हणाले आणि चालते झाले.

मी जिन्यात त्यांना गाठलं. मला नुसतं रडायचं बाकी होतं. "सर, एका खोलीपायी माझी वाट लावताय तुम्ही! एवढं हॉस्पिटल उभं केलंय आपण नकाशात. एक खोली नसली तर काय बिघडतं?"

त्यांनी उलट ओरडायला तोंड उघडलं आणि मग तिथेच पायरीवर बसले.

"माझा धाकटा भाऊ गेला ना," ते म्हणाले, "ते दुसरं हॉस्पिटल. बाबा गावाहून आलेले. त्यांचा हात धरून मी निघालो. 'बॉडी कुठे ठेवलीय', 'बॉडी कुठे ठेवलीय', दिसेल त्याला हेच विचारत. भाऊ होता गं माझा, आणि मी बॉडी म्हणत होतो. एकाने लिफ्ट दाखवली, एकाने एक्स-रेकडे पाठवलं. शेवटी पोचलो कुठे, तर कँटीनमध्ये. लोक इडल्या खात होते. बाबांनी सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाले, 'इथं ठेवलाय का रे त्याला?'"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मॅडमकडे गेले. रात्रभर राग साठला होता, पण तो आता सरांवरचा नव्हता. म्हटलं, "मॅडम, आयसीयूच्या दारापासून ती खोली कुठे आहे, मला चालत दाखवाल का?"

मॅडम झपाझप निघाल्या. पहिलं दार उघडलं तर चादरींचे गठ्ठे. दुसऱ्या लिफ्टने पार्किंगमध्ये पोचलो. तिथून वर येऊन त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली, "मावशी, ते..." आणि पुढचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. मावशी फडकं हातात धरून वाट बघत राहिल्या.

"ठेवा ती खोली," मॅडम शेवटी म्हणाल्या. "एरवी दिसायला नको. पण कुणी शोधली तर दाखवा, नीट दारापर्यंत."

सरांनी सही केली. शिवाय त्या दाराबाहेर बसायला एक बाकही मागून घेतलं, अर्थातच भांडून.

ॲप सुरू झाल्यावर महिन्याभराने आम्ही ऑफिसात नोंदी तपासत होतो. त्यात कुणाचं नाव नसतं. कुठल्या डबीपासून कुठल्या डबीपर्यंत कुणीतरी गेलं, एवढंच कळतं. स्क्रीनवर एक रेषा आयसीयूपासून निघाली होती आणि तळघरात गेली होती. कुठे वळसा नाही, कुठे मागे फिरणं नाही.

सरांनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं.

"सरळ गेलाय," ते म्हणाले. "कुणाला विचारावं नाही लागलं त्याला."

मग उठून खिडकीपाशी गेले आणि फोन लावला. एवढा मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"बाबा, जेवलात का? ... नाही हो, काही झालं नाही. सहज केला."