गजादादांच्या दोन बरण्या

आमच्या बिल्डिंगच्या फाटकाला लागून गजादादा म्हात्र्यांचा ओटा आहे, आणि सकाळी दूध घेऊन येणाऱ्या माणसाला तिथे वाल टाकल्याशिवाय घरी जाता येत नाही. ओट्यावर काचेच्या दोन बरण्या असतात, एकीचं झाकण लाल, दुसरीचं निळं. मधे वाटीभर कडवे वाल. मागे स्वतः दादा, लुंगीवर स्वेटर आणि डोक्याला मफलर अशा थाटात.

"एक उचला, टाका आनि जावा," ते म्हणतात. "नाव इचारनार नाय. कोनाला सांगनार नाय."

मग आंघोळ उरकून ते वाल मोजतात, भिंतीवर खडूने आकडा लिहितात आणि "आकडा हलला!" अशी आरोळी ठोकतात. ही आरोळी तिसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. ती आली की सुनंदा, म्हणजे माझी बायको, गॅस बारीक करून खिडकीशी धावते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन जगाच्या बातम्या सांगत आलो, पण माझ्यासाठी तिने गॅस कधी बारीक केलेला नाही.

तेव्हा आधीच सांगून टाकतो, मला या माणसाचा हेवा वाटतो. अगदी पोटात दुखतं म्हणा ना.

कारण हा ओटा एके काळी माझा होता. म्हणजे मालकी दादांचीच. ते खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातले, वसईत माणिकपूरला आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भात व्हायचं. पण ओट्यावर शब्द चालायचा तो माझा. मुंबईच्या विमा कंपनीत जन्म काढलेला, इंग्रजी पेपर वाचणारा असा मी एकटाच होतो. कुठलीही निवडणूक आली की लोक विचारायचे, "सावंत, काय वाटतं तुम्हाला?" मी चष्मा काढायचा, काचा पुसायच्या, आणि मग बोलायचं. दादा तेव्हा आतून चहा आणायचे आणि गप्प बसून ऐकायचे. तो काळ मला फार आवडत असे.

पुढे दादांच्या मंडळी गेल्या. मुलगी अमेरिकेत. ती आईच्या दिवसांना आली आणि जाताना बापाला भिंतीएवढा टीव्ही घेऊन देऊन गेली. त्या टीव्हीवर दादांना अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक सापडली, आणि माझा चष्मा पुसण्याचा धंदा बसला.

एका सकाळी ओट्यावर बरण्या आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकीवर हत्तीचं चित्र चिकटवलं होतं आणि दुसरीवर गाढवाचं. तिकडची चिन्हं तीच आहेत म्हणे. संध्याकाळपर्यंत हत्तीची बरणी गळ्यापर्यंत भरली आणि गाढवात एक वाल नाही. वसईचा माणूस चारचौघांत गाढवाला मत देईल कसा? फुलवाल्या मावशी तर म्हणाल्या, "दादा, मानूस कितीपन चांगला असू दे, चिन्ह बदलून घ्यायला सांगा त्याला." तेव्हापासून लाल आणि निळी झाकणं आली.

मग रोज चर्चासत्र. तिथली काही राज्यं म्हणे कायम डळमळीत, निवडणूक आली की सगळे पुढारी तिकडेच धावतात. हे मी पेपरात दहा वेळा वाचलं होतं, पण दादांनी ते असं सांगितलं, "पेनसिल्वेनिया म्हंजे आपली चिंचोटी. पावसाल्यात सगली दुनिया धबधब्यावर, बाकी वरीसभर कोन इचारत नाय." रिक्षावाले खूष. मी चष्मा काढलाच होता, तो परत घातला.

पण दादांचा खरा जीव अध्यक्षात नव्हताच. तो जोडीदारात होता. तिकडे अध्यक्षाच्या उमेदवाराने आपला उपाध्यक्ष आधीच निवडायचा असतो आणि दोघांनी मिळून उभं राहायचं असतं, ही गोष्ट त्यांना फार भावली. "पयला कोनपन चालंल," ते म्हणायचे. "दुसरा बघा. पयला भासन करतो, दुसरा त्याला घरी आनतो." मधेच तिकडे एका बाजूचा उमेदवारच बदलला, जोडीदाराला पुढे यावं लागलं, आणि तिला नवा जोडीदार शोधावा लागला. तो आठवडाभर दादांना जेवण गेलं नाही. सुनंदाने त्यांना डब्यातून पेज पाठवली. अमेरिकेत जागा रिकामी झाली आणि पेज माझ्या घरातून गेली.

तिकडचा निकाल लागला. चला, सुटलो, असं मला वाटलं. पण थंडीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक लागली. अध्यक्षपदाला मी उभा राहिलो आणि माझ्यासमोर लोपीस सर उभे राहिले.

लोपीस सर सांडोरचे, निवृत्त शिक्षक, घरची केळीची बाग. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून स्कूटरवरून थेट ओट्यावर येतात. संघाच्या प्रत्येक सभेला केळ्यांची एक फणी घेऊन येतात. मी याला लाच म्हणतो, बाकीचे याला केळी म्हणतात.

दादांनी लगेच बरण्या धुऊन काढल्या. लाल झाकण मी, निळं सर. शिवाय सभेत उभं राहून त्यांनी नियमच करून घेतला, की या वेळी अमेरिकेसारख्या जोड्या लागतील. ठराव एकमताने पास झाला. माझा एकही ठराव आजवर चहा येण्यापूर्वी पास झालेला नाही.

"दादा, रिक्षावाले कसले वाल टाकतात?" मी हरकत घेतली. "त्यांना संघात मत नाही."

"सावंतभाऊ, पोल म्हंजे वारा," ते म्हणाले. "वाऱ्याला मेंबर व्हावं लागत नाय."

मी मनाचा मोठेपणा दाखवून त्यांनाच माझे जोडीदार व्हायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. "जो मोजतो त्यानं उभं रायचं नाय." मग मी माणिकपूर पालथं घातलं. डॉक्टरांना विचारलं, बँकेतल्या जुन्या मॅनेजरना विचारलं, शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर मिळाले. पेडणेकर सभेत झोपतात. प्रचाराच्या सभेत मी त्यांना हलवून उठवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी लोपीस सरांच्या केळ्यांची स्तुती केली.

आणि त्याच संध्याकाळी सरांनी आपला जोडीदार जाहीर केला. सुनंदा सावंत.

मी घरी येऊन पंखा लावला. थंडी होती तरी लावला. "सरांनी तुला विचारलं आणि तू हो म्हणालीस?"

"हो. त्यांनी विचारलं," ती शेंगा सोलत म्हणाली. "तुम्ही अख्खं माणिकपूर पालथं घातलंत. स्वयंपाकघरात आलात का?"

मी पंखा बंद केला. दुसऱ्या सकाळी भिंतीवरचा माझा आकडा असा काही घसरला होता की दादांनी तो बारीक अक्षरात लिहिला होता. मी दूध घ्यायला मागच्या फाटकाने जाऊ लागलो. ओट्यावर चार दिवस पाऊल टाकलं नाही. लोपीस, सुनंदा आणि दादा तिथे हसतात, हे वरून ऐकत बसलो. सुनंदा हसताना इतकी चांगली दिसते, हे मला तिसऱ्या मजल्यावरून कळावं याचा मला फार राग आला.

पाचव्या दिवशी आरोळी आली, "आकडा हलला! सावंतभाऊ वर!"

मी चप्पल न शोधताच खाली उतरलो. खरंच, मी बरोबरीला आलो होतो. लोपीस सरांचा चेहरा पडला होता आणि मला तो चेहरा फार सुंदर वाटला. त्यानंतर रोज खालीवर सुरू झालं. आज मी पुढे, उद्या सर पुढे. जो मागे असेल तो तावातावाने बोलायचा, जो पुढे असेल तो चहा मागवायचा, आणि आमचं भांडण बघायला ओट्यावर बसायला जागा उरत नसे. दादा मधे बसून आनंदाने मान डोलवायचे.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विम्यातला माणूस, फार सरळ वाटणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. सर पुन्हा सलग दोन दिवस पुढे गेले तेव्हा मला वाटलं, हा म्हातारा त्यांच्या बरणीत हात घालतोय. केळी खातोय ना त्यांची!

एका पहाटे मी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. उजाडायच्या आत खाली उतरलो आणि फाटकाच्या खांबाआड उभा राहिलो. दादा बाहेर आले. बरण्या मांडल्या. इकडेतिकडे पाहिलं. स्वेटरच्या खिशातून मूठ काढली आणि वाल टाकायला सुरुवात केली. लाल झाकणाच्या बरणीत. माझ्या.

"दादा!"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "सावंतभाऊ, आज लवकर?"

"तुम्ही माझ्या बरणीत वाल टाकताय?"

"मंग कोन टाकनार? लोक टाकत नाय."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी ओट्यावर बसलो. "म्हणजे मी बरोबरीला आलो होतो, ते?"

"ते पन मीच."

"पण का?"

दादांनी झाकण लावलं, पुसलं, पुन्हा पुसलं. "तुमचा आकडा खाली गेला, तवा तुमी चार दिस आला नाय. वरच्या खिडकीत बसायचात. मी बघत होतो ना." मग म्हणाले, "अमेरिकेचा निकाल लागला, तवा मी समद्या वालांचं बिरडं केलं. लोकांचेच वाल, म्हटलं लोकांनी खावे. सगल्यांना सांगितलं. कोन आला नाय. निकाल लागल्यावर कोन कशाला येतंय? तीन दिस एकटाच खात होतो. पोरीचा फोन रोज यायचा इलेक्शनमदी, आकडा काय म्हनतो बाबा, म्हनून. निकाल लागला, मंग ती तरी काय बोलनार? ही होती तवा घरात हिच्याशी बोलायची सवय होती मला. आता भिंतीवर आकडा लिवला का तेवढाच कोनतरी वाचतो."

मला एकदम भरून आलं. मी आयुष्यात इतक्या निवडणुकांवर बोललो, पण माझ्यासाठी कोणी पहाटे उठून वाल टाकले नव्हते. मी त्यांचा हात धरणार होतो. तेवढ्यात एक शंका आली.

"आणि लोपीस सर खाली असले की?"

"मंग त्यांच्यात टाकतो," दादा म्हणाले. "ते पन येत नाय ना खाली गेले का. मिस्सेवरून सरल घरी जातात."

डोळ्यात आलेलं पाणी तिथल्या तिथे सुकलं. वाटलं, माझ्या बरणीत चार तरी जास्त टाकायचे होते.

त्या दिवशी मी माघार घेऊ शकलो असतो. माझी खरी पत मला कळली होती आणि अब्रू वाचवायला अजून वेळ होता. पण मी माघार घेतली असती तर एकच बरणी उरली असती, आणि एका बरणीचा आकडा बघायला कोण येणार? तेव्हा मी उभा राहिलो. शेवटपर्यंत लोपीस सरांशी कडाकडा भांडलो. सुनंदावर घराणेशाहीचा आरोपही केला, त्याला ओट्याने टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? हल्ली फार रंगात असता."

निकाल लागला. खऱ्या मतपेटीत दादांचा हात पोचत नव्हता, त्यामुळे मी सपाटून आपटलो. पेडणेकरांनी मला दोनदा सांगितलं की त्यांनी मत मलाच दिलं, यावरून मी समजायचं ते समजलो. सुनंदा उपाध्यक्ष झाली. घरी येऊन तिने माझ्यासाठी शिरा केला, आणि तो मी रागारागाने संपवला.

दुसऱ्या दिवशी मी वरून पाहिलं. भिंत पुसलेली. बरण्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या. दूध घेऊन येणारे सरळ फाटकातून आत येत होते, कोणी थांबत नव्हतं. दादा नुसते बसले होते. मोरीच्या नळाखाली त्यांनी मोठ्या पातेल्यात वाल भिजत घातले होते, आमचे सगळे, लाल आणि निळे एकत्र.

वालाला मोड यायला वेळ लागतो हे मला माहीत आहे; ते कधी सोलायला येतील, हे सुनंदाला विचारून घेतलं. तिने सांगितलेल्या सकाळी मी दूध आणायचं सोडून ओट्यावर गेलो. म्हटलं, आज तरी हा माणूस माझा एकट्याचा.

लोपीस सर आधीच बसलेले. बाजूला केळ्यांची फणी, पुढ्यात कोमट पाण्यात मोड आलेले वाल. मास्तरी बोटांनी भराभर सालं काढत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी नजर चुकवली. तेव्हा मला कळलं की एखाद्या पहाटे तेही खांबाआड उभे राहून गेले असणार.

"बसा सावंतभाऊ," दादा म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. मी सोलायला लागलो. वरून सुनंदाने हाक मारून विचारलं की नारळ खवून आणू का, दादांनी मानेनेच हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या ताटात पाहिलं, सरांच्या ताटात पाहिलं, आणि मफलर सारखा केला.

"सर पुढं हायेत," ते म्हणाले.

मी बाह्या वर केल्या.