खाडीपार प्रवेशाचे लष्करी महत्त्व

नदी पार करायची जागा ज्याच्या ताब्यात, मुलूख त्याचा. पूर्वी दुर्गाडी किल्ल्यावरून खाडीवर नजर ठेवली जाई; हल्ली ते काम कोपरच्या धक्क्यावर डबा-बाटली घेऊन उभ्या असलेल्या आया करतात.

आमच्या क्षिप्राला पहिलीत प्रवेश मिळाला तो अंतराच्या निकषावर. कुणीतरी कार्यक्षम माणसाने नकाशावर पट्टी ठेवली. घर ते शाळा नऊशे मीटर. मधलं पाणी पट्टीखाली झाकलं गेलं (पट्टी लाकडी होती, तिला दोष देता येत नाही). रस्त्याने हेच अंतर एकोणीस किलोमीटर भरतं.

म्हणून काळुरामकाकांची होडी. माणसं बारा, लाइफ जॅकेटं नऊ, शिट्टी वाजणारं जॅकेट एक. ते क्षिप्राला. शाळेचा नियम मात्र पक्का: तीन लेटमार्क, नाव कमी. क्षिप्राचे दोन झालेत. अशा वेळी कोणतीही सुजाण आई जे करील तेच मी केलं. समिती स्थापन केली.

सोमवारी बारा जण बसले आणि शेवंती धावत आली. नवीन प्रवेश, हाताशी मुलगा, त्याच्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"अहो ताई, एवढासा तर आहे. मांडीवर घेते ना!"

"जुन्या प्रवाशांना प्राधान्य. नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. (नियम चार मिनिटांपूर्वी एकमताने संमत झाला होता. मत माझं.)

"जुन्या म्हंजे कवापासून?" काळुरामकाकांनी वल्हं टेकवलं. "तुमी गेल्या सोमवारी आल्याव ना? पोरगी मांडीवरच व्हती."

"काका, त्यावेळी सुरक्षेचं धोरण ठरलं नव्हतं. चला, सात वाजून दहा झाले!"

होडी सुटली. मुलगा धक्क्यावरून हात हलवत राहिला. त्याला वाटलं, होडी वळून येणार.

"आई, तो नाही येत?"

"त्याची होडी वेगळी असते, बाळा."

क्षिप्रा घंटेआधी दोन मिनिटं वर्गात पोचली. मोहीम फत्ते.

आणि वाचकहो, माझ्याकडे असं बघू नका. तुमच्या सोसायटीत 'कामवाल्या बायकांनी जिना वापरावा' ही पाटी लिफ्टशेजारी लावायचं ज्या सभेत ठरलं, त्या सभेत तुम्ही हजर होतात. इतिवृत्तात लिहिलंय: कोणीही हरकत घेतली नाही.