बिरूभाऊंचा उशिराचा ठोका

आमच्या शेजारच्या बिरूभाऊंचं दार नुसतं वाजवून उघडत नाही. ते तालात वाजवावं लागतं. घाईनं धडधड केली की आतून आवाज येतो, "ठोका हुकला! फिरून वाजवा!" एकदा गॅसवाला वैतागून टाकी उंबऱ्याशी टेकवूनच निघून गेला.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात भाऊ कॉम्प्युटरवर बसायचे. डावा पाय जरा ओढत चालायचे, पण बोटं कायम वाजती. जेवणाचा डबा, टेबल, माझ्या मोटारसायकलची टाकी, काही सुटत नसे. आमच्या घरातल्या शिट्ट्यांवरही शेरा यायचा, "वहिनींचा कुकर पळून राह्यला, सर!"

फोनच्या वायरीतून घरात इंटरनेट आलं, तेव्हा भाऊंना एक गेम सापडला. गाणं वाजतं, पडद्यावर बाण सरकत येतात आणि बरोबर ठोक्याला कळ दाबायची. गेम फुकट, त्याची आतली मांडणीही सगळ्यांना खुली. जगातल्या कुणीही त्यात भर घालावी. गेम चालवणारी मंडळी तपासून ती सामील करून घेणार. भाऊंनी त्यात धनगरी ढोल घालायचं मनावर घेतलं. हसनाबादच्या जत्रेत त्यांच्या वडिलांनी वाजवलेल्या ढोलाची जुनी कॅसेट त्यांच्याकडे होती. रोज संध्याकाळी तिच्यातल्या एकेका ठोक्याला बाण जोडत बसायचे. बाजार बंद, लग्नकार्यं बंद. विचारलं की एकच उत्तर, "बाण बसवून राह्यलो."

अखेर काम पाठवलं. इंग्रजीत उत्तर आलं, म्हणून मला, मास्तरला, बोलावणं आलं. मी वाचून सांगितलं, "काम छान आहे म्हणतात. पण दर फेऱ्यातला शेवटचा ठोका उशिरा पडतो. तो सरळ केला तरच घेऊ."

"सरळ? बिलकुल न्हाई! लिहा सर, जमत न्हाई म्हणावं."

"अहो, दारात आम्हाला ताल शिकवता, आणि वडिलांची चूक तेवढी चालते?" मी चिडवलं. "इतक्या महिन्यांची मेहनत एका ठोक्यापायी पाण्यात घालणार?"

भाऊंची बोटं थांबली. ती गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"चूक न्हाई ती. जत्रंत आमी पोरं ढोलाभवती रिंगण धरून नाचायचो. माझा हा पाय उशिरा पडायचा. मंग बाप ढोलाचं टिपरू वरच धरायचा. माझा पाय टेकला की ठोका. तवर अख्खं रिंगण थांबायचं. लोक बापालाच म्हणायचे, गडी तालाला कच्चा हाय. त्यानं कधी कुणाला सांगितलं न्हाई." मग म्हणाले, "आता बाप ऱ्हायला न्हाई, सर. तेवढा ठोका ऱ्हायलाय."

मी ते सगळं इंग्रजीत लिहून धाडलं. काही दिवसांनी निरोप आला: ढोल घेतला आहे, ठोका आहे तसाच राहील.

त्या संध्याकाळी भाऊंनी मला खेळायला बसवलं. मी कसला खेळतोय! दर फेऱ्याला शेवटची कळ आधीच दाबून मोकळा.

"थांबा की, सर," भाऊ मागून म्हणाले. "जल्दी कशाला?"

मी थांबलो. बाण सावकाश सरकत आला. ढोल क्षणभर अडला आणि वाजला. माझ्या मागं फरशीवर भाऊंचा डावा पाय बरोबर त्याच ठोक्याला पडला.