बद्द वाजतंय

आमच्या गावच्या दूध सोसायटीत दूध घालायचं असेल, तर आधी मन्मथ आप्पांना नखं दाखवावी लागत. दोन्ही हातांच्या अंगठ्याजवळच्या बोटांची नखं एकमेकांना टेकवून उजेडाकडे धरायची. मधे तिळाएवढी फट दिसली की आप्पा म्हणत, "खिडकी उघडी हाय, चला फुडं." मग दुधाचं माप. मला आधी वाटलं, नखातली घाण बघतात. मी दुसऱ्या दिवशी नखं कापून गेले. तर म्हणाले, "नखं कावून कापली वैनी? भांडणं मिटली का सगळी?"

काही माणसांची ही खिडकी बंद असते. बोटांची टोकं फुगून ढोलाच्या टिपरीसारखी होतात. असं बोट दिसलं की आप्पा माप खाली ठेवत आणि त्या माणसाला बाजूला घेत. छातीत बरेच दिवस काहीतरी बिघडल्याशिवाय बोटं अशी होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण खिडकी उघडी म्हणजे सगळं ठीक, असंही ते मानत नसत. "खिडकी एक हाय, दारं लई हायत," म्हणत.

आप्पा सोसायटीचे सेक्रेटरी आणि आमचे शेजारी. आमचं गाव उमापूरच्या वाटेवरचं, लहान. आप्पा घरात एकटेच. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात जाड कापडाची बंडी. ती बंडी वैशाखातसुद्धा निघत नसे. बायका म्हणत, हे जन्मलेच बंडीत. तरुणपणी दीड वर्ष छातीच्या दवाखान्यात होतो, एवढं ते सांगत. नोकरीला होते, असं आम्ही समजलो. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

रांगेत कोणी खोकलं की ते मान वर न करता सांगत. "ह्यो बिडीचा. ह्यो चुलीचा. शिट्टी वाजतीय, ह्यो दमा." एकदा देवळात कीर्तन रंगलं असताना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा महाराज! त्या खांबापाशी डांग्या खोकल्याचं पोरगं हाय. पोराला घरी न्या, बाकीच्यांनी लेकरं उचला." कीर्तन तिथंच संपलं. महाराज चिडले. पोराला डांग्याच निघाला.

माझ्या पुतणीसाठी मुलगा बघायला त्यांना नेलं, ही माझी चूक. पोहे खाऊन झाले, आणि आप्पा नवऱ्या मुलाला म्हणाले, "जरा त्या लिंबापस्तोर पळत जाऊन या बरं." मुलगा गेला, आला, आणि चूल फुंकावी तसे ओठ काढून श्वास सोडू लागला. त्याच्या बापानं आम्हाला वाटेला लावलं. परत येताना मी आप्पांशी बोलले नाही. ते मात्र खूश होते. म्हणाले, "छाती बघितली का त्याची? पिंपावानी गोल. ह्या वयात!"

मग दुष्काळ पडला. गेवराईच्या रस्त्याला खडी फोडायचं सरकारी काम निघालं आणि आम्ही सगळे तिथं. सोसायटीत दूध येईना. आप्पा झाकण न उघडता कॅनवर बोटाचं पेर मारत वरून खाली यायचे. रिकामं असेल तिथं टण वाजायचं, दूध लागलं की बद्द. "आज निम्म्याच्या बी खाली," म्हणायचे आणि पुढच्या कॅनकडे वळायचे.

माझी सून चंद्रकला नवी होती. खडीवर जायची. खोकायला लागली. मी म्हटलं, धूळ. सगळं गाव खोकत होतं. मग ती वाळत चालली, जेवेना. आमच्याकडे रीत अशी, की नवी सून आजारी पडली की तिला माहेरी धाडायचं. बरी झाली तर परत येते. नाही झाली तर नाही येत. मलाही धाडलं होतं एकदा. मी आले परत, म्हणून रीत चांगली असं मी धरून चालले होते. तिची ट्रंक भरली. माजलगावच्या एसटीला बसवायचं ठरलं. त्या सकाळी आम्ही दोघी शेवटचं म्हणून दूध घालायला गेलो आणि ती रांगेत खोकली.

आप्पांनी मान वर केली. "ह्यो धुळीचा न्हाई."

"सगळं गाव खोकतंय आप्पा."

"धुळीचा खोकला घरी आल्यावर निम्मा व्हतो. हिचा?"

"वाढतो," चंद्रकलाच म्हणाली. सासूसमोर पहिल्यांदा इतकं मोठ्यानं.

"सांजच्याला आंग तापतं?"

"तापतं."

"कोणत्या कुशीवर झोपतीस बाई?"

"उजव्या. डाव्या कुशीवर दम लागतो."

आप्पांनी रांगेतल्या माणसांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि मला म्हणाले, "मी परक्या बाईच्या पाठीला हात लावत न्हाई. तुमी वाजवा." मी म्हटलं, मी काय ढोलकीवाली आहे? त्यांनी ऐकलं नाही. आधी कॅनवर शिकवलं. डाव्या हाताचं मधलं बोट सपाट टेकवायचं, त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटानं ठोकायचं. टण कुठं, बद्द कुठं. मग स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी सुनेच्या पाठीवर ठोकत गेले. डावी बाजू खालपर्यंत पोकळ वाजली. उजवी वर पोकळ, आणि मग एकदम बद्द. जणू भिंत लागली.

"तिथनं खाली किती बोटं?" आप्पांनी भिंतीलाच विचारलं.

"चार."

"पाणी झालंय छातीत. माहेरी धाडू नका, बीडला धाडा. मोठ्या दवाखान्यात."

"क्षय असला तर? घरात कसं ठेवायचं?" मी म्हणाले. सुनेसमोरच म्हणाले.

आप्पा वळले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच बघितलं. "टाकलेल्या माणसाला आणाया कुणी जात न्हाई वैनी. ट्रंक भरलीच हाय ना? तीच उचला. फकस्त एसटी दुसरी धरा."

एसटी दुसरी धरली. दवाखान्यात सुई घालून तिच्या पाठीतून करडईच्या तेलासारखं पिवळं पाणी काढलं. क्षयच होता. वर्षाच्या वर गोळ्या होत्या. आप्पांनी त्या सोसायटीतच ठेवायला लावल्या. "आधी गोळी, मग माप." फळीवरचा तांब्या तिला द्यायचे आणि घोट गिळेपर्यंत बघत राहायचे. आमची म्हैस आटली तेव्हाही ती रिकामी चरवी घेऊन रांगेत उभी राहायची, गोळीसाठी. लोक हसायचे. आप्पा तिच्या चरवीत डोकावून गंभीरपणे म्हणायचे, "आज बी फॅट न्हाई."

तिची शेवटची गोळी झाली त्या दुपारी आप्पा आमच्या ओसरीवर आले. चंद्रकला पाणी आणायला गेली होती. माझी बोटं धान्य निवडण्यात.

"वैनी, माझी पाठ वाजवा."

"कावून? खोकला हाय का?"

"न्हाई. सगळ्यांची ऐकली. माझी मला वाजवता येत न्हाई."

आणि त्यांनी बंडी काढली. डाव्या खांद्याच्या फऱ्याकडून काखेखालपर्यंत विळ्यासारखा लांब व्रण होता. त्या बाजूच्या बरगड्याच नव्हत्या. मूठ बसेल एवढा खड्डा.

"ही नोकरी व्हय आप्पा?"

"सोळा नंबरची खाट," ते म्हणाले. "माझा बी क्षयच. तवा बरगड्या काढायचे. आजूबाजूच्या खाटांवरचे खोकले ऐकत पडायचं. त्यातच शिकलो."

"आन् घरचं माणूस? बायकू?"

"सासऱ्यानं नेलं. बरा होऊन आणाया गेलतो. दारातनंच लावलं वाटंला."

"गावाला कावून सांगितलं न्हाई इतकी वर्षं?"

"सांगितलं असतं तर माझ्या हातात दूध दिलं असतं का तुमी?"

मी विचार केला. खोटं बोलायची मला सवय नाही. "न्हाई," मी म्हटलं.

ते हसले. "डावी सोडा, ती बद्दच वाजणार. उजवी बघा."

मी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि बोट टेकवलं. वरून खाली गेले. टण, टण, टण.

"मोकळी हाय."

"खालपस्तोर?"

"खालपस्तोर."

आप्पांनी बंडी उचलली नाही. मांडीवर तशीच राहू दिली. म्हणाले, "वॉर्डात डॉक्टर रोज सकाळी वाजवायचे. त्याच्यामागं कुणी न्हाई." मग म्हणाले, "अजून एकदा बघता का वैनी? नीट ऐकू आलं न्हाई."

मी पुन्हा वरून सुरू केलं. हळू हळू खाली आले. आवाज तोच होता.